वॉर्डात नवीन जॉईन झालात? बेडसोअर टाळायचा असेल तर आधी चादर उचला

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगते. ऑर्थोच्या वॉर्डात एक आजी होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशनसाठी फिटनेस मिळत नव्हता म्हणून पायाला ट्रॅक्शन (वजन लटकवून पाय ओढून धरायची सोय) लावून ठेवलेलं. मी लागोपाठ तीन दिवस मॉर्निंगला होते आणि तिन्ही दिवस फाईलमध्ये मी स्वतःच्या हाताने "बॅक केअर दिली" असं लिहिलं, आणि खोटं नव्हतं ते, पाठ पुसली होती, पावडर लावली होती, चादर बदलली होती. आजी रोज म्हणायच्या, "बाई, टाच लई ठणकतीया गं," आणि मी रोज म्हणायचे, ट्रॅक्शनमुळे असेल आजी, डॉक्टर राऊंडला आले की सांगते. चौथ्या दिवशी क्रेप बँडेज सोडलं तर टाचेवर रुपयाएवढा काळा-जांभळा डाग. ती टाच बरी व्हायला खुब्यापेक्षा जास्त दिवस लागले.

मला माहिती नव्हतं का? होतं ना. टाच ही बेडसोअरची जागा आहे हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलेलं, मार्कही मिळालेले. पण वॉर्डात माझ्या डोक्यात यादी अशी होती की आधी इंजेक्शन, मग बीपी, मग डॉक्टरांचा राऊंड, मग फाईली, आणि कूस बदलणं म्हणजे वेळ उरला तर किंवा मावशींचं (वॉर्डातल्या आयांचं) काम. माहिती असणं आणि ते काम आपलं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे संशोधन करणाऱ्यांनीही वेगवेगळंच मोजलंय. २०१० साली बेल्जियममधल्या संशोधकांनी नर्सेससाठी दोन प्रश्नावल्या बनवल्या, एक ज्ञान तपासायची २६ प्रश्नांची आणि दुसरी दृष्टिकोन तपासायची १३ वाक्यांची. त्या दुसरीत काय विचारतात तर, हे मला जमतं असं वाटतं का, हे काम महत्त्वाचं वाटतं का, बेडसोअरमुळे पेशंटचे किती हाल होतात असं वाटतं, ही जबाबदारी माझी वाटते का, आणि प्रतिबंधाने खरंच फरक पडतो असा विश्वास आहे का. मला त्या आजींच्या वेळी कुणी ही प्रश्नावली दिली असती तर जबाबदारीच्या प्रश्नावर मी नापास झाले असते. म्हणून हा लेख नवीन जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा), बीएस्सी झालेल्या सिस्टर आणि ब्रदरसाठी, ज्यांना थिअरी येते पण वॉर्डात पहिल्या दिवशी नक्की कुठून सुरू करायचं ते कळत नाही.

आधी हे होतं कसं ते एकदा डोक्यात बसवा

हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस-कातडी दाबली जाते, रक्त पोचत नाही, आणि तिथला भाग मरायला लागतो. यातली फसवी गोष्ट अशी की नुकसान बऱ्याचदा आतून, हाडाजवळून सुरू होतं, वरून फक्त डाग दिसतो आणि आत पोकळी झालेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे आतल्या आत बसणारी ओढ. पेशंटचा बेड डोक्याकडून वर केला की पेशंट हळूहळू खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून जागेवर राहते आणि आतलं हाड खाली सरकतं, मधल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. तिसरं ओलावा, घाम, लघवी, पातळ शी. भिजून मऊ पडलेली कातडी किती सहज सोलते हे वेगळं सांगायला नको, मराठवाडा-विदर्भात मे महिन्यात रेक्झिनच्या गादीवर झोपलेल्या पेशंटची पाठ एकदा बघा म्हणजे कळेल.

नावाबद्दल एक. २०१६ पासून अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने "प्रेशर अल्सर" ऐवजी "प्रेशर इंज्युरी" म्हणायला सुरुवात केली, कारण पहिल्या स्टेजला कातडी फाटलेलीच नसते, मग अल्सर कसं म्हणायचं. आपल्या वॉर्डात सगळे बेडसोअरच म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे, पण नावात "बेड" आहे म्हणून तो फक्त बेडवर होतो असं समजू नका, खुर्चीवर बसूनही होतो आणि ऑक्सिजनच्या नळीनेही होतो.

पायरी १ : पेशंट आला की पहिल्याच वेळी सगळी कातडी बघा

ॲडमिशन झालं की व्हायटल्स घेता तसंच हे, शक्यतो लगेच, आणि फार तर पहिल्या आठ तासांत. पडदा ओढा, पेशंटला सांगा की आजोबा पाठ बघते हं जरा, आणि डोक्यापासून सुरू करा. डोक्याची मागची बाजू, कानाच्या पाळ्या, खांद्याची पाती, कोपरं, मणक्याची उठून दिसणारी हाडं, कंबरेखाली माकडहाडाचा भाग, खुब्याची दोन्ही बाजूंची हाडं, बसायची हाडं, गुडघ्यांच्या आतल्या बाजू, घोटे आणि टाचा. मोजे असतील तर काढा, बँडेज सोडता येण्यासारखं असेल तर डॉक्टरांना विचारून सोडा (हे मी का सांगतेय ते वर वाचलंच तुम्ही).

लाल दिसलं की बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. पांढरं पडून परत लाल झालं तर रक्त अजून फिरतंय, कूस बदला आणि अर्ध्या तासाने परत बघा. दाबूनही लालच राहिलं तर ती पहिली स्टेज, म्हणजे बेडसोअर सुरू झालाय.

आता खरी अडचण. आपले पेशंट सावळे-काळे, त्यांच्या कातडीवर लाली दिसतच नाही. पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या पायांचे, म्हणून नवीन स्टाफ काळ्या कातडीवर "नॉर्मल" लिहून मोकळा होतो. इथे डोळ्यांपेक्षा हात वापरा. बोटांची मागची बाजू लावून बघा, शेजारच्या जागेपेक्षा इथे गरम लागतंय का गार, कडक लागतंय का पिठासारखं मऊ, सूज आहे का, रंग शेजारपेक्षा गडद, जांभळट आहे का. ट्यूबलाईटच्या अंधुक उजेडात भागवू नका, टॉर्च घ्या. आणि पेशंट म्हणतोय इथे दुखतंय, तर ते दुखणं सगळ्यात आधीची खूण असू शकते, ते खरं धरा.

पेशंट येतानाच जखम घेऊन आला असेल तर तसं स्पष्ट लिहा, जागा, स्टेज, लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये. फोटो काढायचा तर हॉस्पिटलच्या पद्धतीने, परवानगी घेऊन, स्वतःच्या मोबाईलवर अजिबात नाही.

पायरी २ : कुणाला जास्त धोका आहे ते आकड्यात काढा

ब्रेडन स्केल बऱ्याच ठिकाणी वापरतात, बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोघींनी १९८० च्या दशकात बनवलेलं. सहा गोष्टी बघायच्या : दुखलं-टोचलं तर पेशंटला कळतं का आणि सांगता येतं का, कातडी किती ओली राहते, पेशंट चालतो का बेडवरच असतो, बेडवर स्वतः हलू शकतो का, खातो किती, आणि घसरतो-घासतो किती. पहिल्या पाचांना १ ते ४ आणि शेवटच्याला १ ते ३ मार्क, जास्तीत जास्त २३. इथे उलटं आहे, मार्क जितके कमी तितका धोका जास्त. १८ किंवा खाली आला की धोका आहे, १२ किंवा खाली म्हणजे जास्त, आणि ९ किंवा खाली म्हणजे फारच जास्त.

माझ्या त्या आजींचं आज मी असं केलं असतं : जाणीव थोडी कमी ३, घाम येतो अधूनमधून ३, पूर्ण बेडवर १, स्वतः फार कमी हलतात २, अर्धी पोळी खाऊन ताट सरकवतात २, ट्रॅक्शनच्या ओढीने सारख्या खाली घसरतात १. एकूण १२. म्हणजे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

पण फॉर्म भरून फाईलला लावला म्हणजे झालं असं नाही. कुठल्या प्रश्नात मार्क कमी पडले ते बघा, तेच तुमचं काम आहे. ओलाव्यात कमी तर ओलावा सांभाळा, खाण्यात कमी तर डाएटिशियनला बोलवा. शिवाय स्केलमध्ये न येणारंही डोक्यात असू द्या, नॉरॲड (बीपी वाढवायचं औषध) चालू आहे, बीपी लागत नाहीये, शुगर आहे, लांबलचक ऑपरेशन झालंय, किंवा घरी पडून रात्रभर फरशीवर होता. अशा पेशंटची कातडी आज चांगली दिसेल आणि दोन-तीन दिवसांनी जांभळा डाग वर येईल, कारण आत दुखापत आधीच झालेली असते.

पायरी ३ : कूस बदलणं, आणि हे नीट वाचा कारण सगळं इथेच आहे

दोन तास हा सुरुवातीचा आकडा आहे, दगडावरची रेघ नाही. चांगली गादी आणि कातडी ठीक असेल तर काही पेशंटना थोडा जास्त वेळ चालतो, आणि दोन तासांनी बघितलं तर लाली जात नाहीये अशा पेशंटला दीड तास सुद्धा जास्तच. कातडी काय सांगते त्यावर वेळ ठरवा.

एकदम काटकोनात कुशीवर झोपवू नका, सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं. ३० अंशाचा कल द्या. म्हणजे पेशंटला थोडं वळवायचं, खांद्यापासून कंबरेपर्यंत पाठीमागे उशी सरकवायची आणि त्या उशीवर पेशंट रेलू द्यायचा. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. मग तुमचा हात माकडहाडाखाली घालून बघा, हात मोकळा आत गेला पाहिजे. उशा कमी पडतात हे मला माहिती आहे, घरून आणलेलं ब्लँकेट गुंडाळून घ्या, नातेवाइकांना एक जास्तीची उशी आणायला सांगा, ते आणतात. आणि मणक्याची दुखापत असेल तर हे काहीही स्वतःच्या मनाने नाही, डॉक्टरांना विचारून, पुरेशी माणसं घेऊन, अख्खं शरीर ओंडक्यासारखं एकत्र वळवायचं.

टाचांसाठी उशी पोटरीखाली लांबीत ठेवा, गुडघा किंचित वाकलेला, टाच हवेत. टाचेखालून कागद अडथळ्याशिवाय सरकला पाहिजे. उशी टाचेखाली ठेवली तर काही उपयोग नाही, आणि हे दर वॉर्डात दिसतं.

वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. खाली ड्रॉ शीट (पाठ ते मांड्यांखालची आडवी चादर) टाका, दोघं दोन बाजूला, एक-दोन-तीन म्हणून उचला आणि मग सरकवा. तुमची कंबरही वाचेल.

डोक्याकडचा बेड ३० अंशाच्या वर फार वेळ ठेवू नका. फीडिंगला आणि व्हेंटिलेटरच्या पेशंटला वर ठेवावाच लागतो, तेव्हा आधी गुडघ्याकडचा भाग थोडा वर करा आणि मग डोक्याकडचा, म्हणजे पेशंट घसरत नाही.

आता वेळेचं. रात्री दोन सिस्टर आणि वॉर्ड भरलेला, कुठून करायचं दर दोन तासांनी, हा प्रश्न खरा आहे आणि तुम्ही आळशी आहात म्हणून पडलेला नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डला तीन पेशंटमागे एक नर्स आहे, प्रत्यक्षात किती असतात ते तुम्ही बघताच. म्हणून सगळ्यांना सारखं न वाटता ब्रेडन १२ किंवा त्याखालचे कोण तेवढे आधी धरा, एका वॉर्डात असे बऱ्याचदा मोजकेच असतात. आणि वेगळी फेरी काढू नका, असलेल्या फेरीला जोडा. राईल्स ट्यूबच्या (नाकातून पोटात जाणारी नळी) पेशंटला दोन-दोन तासांनी फीड देतोच ना आपण, मग फीडच्या आधी कूस बदला, नंतर नाही, नंतर हलवलं तर उलटी होऊन फुफ्फुसात जायची भीती. कूस बदलली, डोकं वर केलं, फीड दिलं, पुढच्या फीडला दुसरी कूस. बेडच्या पायाशी कागद चिकटवा, ८ डावी, १० पाठ, १२ उजवी, सही. मावशींना आणि मामांना सोबत घ्या, त्यांना का करतोय ते सांगा, त्या वर्षानुवर्षं हे करतायत आणि बऱ्याचदा डाग सगळ्यात आधी त्यांनाच दिसतो. पण कातडी बघायची तुम्ही.

पायरी ४ : गादी

एअर बेड, ज्याला बरेच जण अल्फा बेड म्हणतात, तो लावला म्हणजे कूस बदलायची सुट्टी, हा गैरसमज मी सीनियर लोकांच्या तोंडूनही ऐकलाय. नाही, एअर बेड मदतनीस आहे. रोज तीन गोष्टी बघा : पंप चालू आहे का (लाईट गेलीय का, कुणी प्लग काढून मोबाईलचा चार्जर लावलाय का), वजनाप्रमाणे सेटिंग आहे का, आणि माकडहाडाच्या खाली गादीच्या तळाशी हात घालून बघा, तळहात वर करून. पेशंटचं हाड हाताला जवळजवळ लागत असेल, मध्ये इंचभर सुद्धा हवा नसेल तर त्या गादीचा उपयोग नाही. वर मॅकिन्टॉश (रबरी शीट), दुहेरी चादर, त्यावर घरची गोधडी असे थर चढवले तरी हवेचा फायदा जातो, एकच पातळ चादर, चुणी नसलेली.

आणि बेडवर काय काय सापडतं ते बघा एकदा. सिरिंजचं टोपण, पेनाचं टोपण, बिस्किटाचा चुरा, कॅथेटरची नळी मांडीखाली. बेशुद्ध पेशंट सांगणार कुणाला.

पायरी ५ : ओलावा

डायपर भरायची वाट बघू नका, दर फेरीला हात लावून बघा. साबणाने खसाखसा नाही, कोमट पाण्याने किंवा सौम्य क्लिन्झरने, टिपून कोरडं करायचं, मग झिंक ऑक्साईड किंवा डायमेथिकोनचं क्रीम पातळ थरात. पुढच्या वेळी क्रीमचा सगळा थर खरवडून काढायची गरज नाही, फक्त घाण पुसा. दोन ढुंगणांच्या मध्ये, पसरट, कडा नीट नसलेली लाली असेल तर ती बहुतेक लघवी-शीने झालेली असते. हाडावर, गोलसर, एकाच जागी असेल तर दाबाचा संशय घ्या. दोन्ही एकत्रही असतात.

पायरी ६ : खाणं

साधारण हिशोब, दर किलो वजनाला ३० ते ३५ कॅलरी आणि सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन. ६० किलोच्या पेशंटला म्हणजे १८०० च्या वर कॅलरी आणि ७५ ते ९० ग्रॅम प्रोटीन. नातेवाईक प्रेमाने वरणाचं पाणी आणि भाताची पेज भरवतात आणि समाधानी असतात, पण त्या पाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतं, हे त्यांना न दुखावता सांगा, घट्ट वरण, दही, अंडं चालत असेल तर अंडं. किडनीचा पेशंट असेल तर आधी डाएटिशियनला विचारा.

पायरी ७ : नळ्या आणि मास्क

ऑक्सिजनच्या नळीने कानामागे, बायपॅपच्या (दाबाने श्वास देणारं मशीन) मास्कने नाकाच्या हाडावर, राईल्स ट्यूबने नाकपुडीत, ईटी ट्यूबच्या (तोंडातून श्वासनलिकेत घातलेली नळी) पट्टीने ओठाच्या कोपऱ्यात, मानेच्या कॉलरने हनुवटीखाली. दिवसातून निदान दोनदा खाली बघा, जागा थोडी सरकवा, मऊ पॅडिंग द्या. सॅच्युरेशनचा प्रोब (ऑक्सिजन मोजायची बोटावरची क्लिप) बोट बदलून लावा. कोविडमध्ये पेशंटना तासन् तास पालथं झोपवलं तेव्हा गालांवर, हनुवटीवर जखमा झालेल्या आम्ही बघितल्या, आणि आमच्या स्वतःच्या नाकावर एन९५ चे वळ होते, दाब म्हणजे काय ते तेव्हा आम्हाला स्वतःच्या कातडीवर कळलं.

जुन्या सवयी, ज्या सोडायच्या

स्पिरिट लावून पाठ चोळणं. आम्हालाही शिकवलेलं, पण स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि लाल झालेल्या हाडावर चोळलं की आतलं आधीच दुखावलेलं मांस आणखी फाटतं. कातडी कोरडी असेल तर मॉइश्चरायझर हलक्या हाताने लावा, चोळू नका. पावडरचे थर नको, घामात गोळे होऊन घासतात. हवेची गोल रिंग नको, मधली जागा सुटते पण कडेने रक्त अडतं. ग्लोव्हमध्ये पाणी भरून टाचेखाली ठेवायचं तेही नको. सीनियर सिस्टरनी सांगितलं तर उलट बोलू नका, पण पोटरीखाली उशी लावून दाखवा, सगळ्यांना पटतं.

बेडसोअर सापडलाच तर

लपवू नका. एनएबीएचच्या (हॉस्पिटलना दर्जाची मान्यता देणारी संस्था) क्वालिटी इंडिकेटरमध्ये ॲडमिशननंतर झालेले बेडसोअर मोजतात, त्यामुळे मेमो मिळेल या भीतीने लोक "रॅश" लिहितात, आणि पहिल्या स्टेजला थांबू शकली असती ती जखम तिसऱ्या स्टेजला, म्हणजे चरबी दिसायला लागल्यावर, सगळ्यांना कळते. कातडीचा वरचा थर गेला किंवा पाण्याचा फोड आला तर दुसरी स्टेज, स्नायू-हाड दिसलं तर चौथी, आणि वर काळी किंवा पिवळी खपली असून तळ दिसत नसेल तर स्टेज ठरवता येत नाही असंच लिहा, अंदाज करू नका. टाचेवरची कोरडी, घट्ट, लाली-पू नसलेली काळी खपली आपणहून काढायची नाही. डॉक्टरांना आणि इनचार्जना त्याच शिफ्टला सांगा, त्या जागेवर परत वजन येऊ देऊ नका.

शिफ्ट बदलताना ओव्हर देताना नुसतं "बेड नंबर सात, बॅक केअर दिलीय" असं तोंडी नको. दोघी बेडपाशी उभ्या राहा, एकीने कूस वळवायची, दुसरीने पाठ आणि टाचा बघायच्या. दोन मिनिटं लागतात, आणि सकाळच्या सिस्टरने काय बघितलं आणि तुम्ही काय बघितलं यावर नंतर वाद होत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी पेशंटच्या मुलाला, सुनेला, जो घरी करणार आहे त्याला बोलवा आणि एकदा त्याच्याकडूनच कूस बदलून घ्या, तुम्ही फक्त बाजूला उभं राहून बघा. उशी कुठे, टाच हवेत आहे का, हात घालून बघ. घरी बाज आहे का पलंग, गादी कापसाची का काथ्याची, लाईट किती वेळ जाते, हे विचारा. व्हीलचेअरवर बसणारा असेल तर दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर जोर देऊन उचलायला किंवा बाजूला झुकायला शिकवा. माझ्या त्या आजींच्या नातवाला मी हे सगळं शिकवलं, टाच भरत होती तेव्हा, आणि पुढे फॉलोअपला आला तेव्हा त्याने मला घरातला कॅलेंडरचा कागद दाखवला, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने डावी, पाठ, उजवी, आणि प्रत्येकापुढे वेळ.